हिट गाणं नेमकं कोणाचं? ऑर्गन, बेस आणि ठेक्याची पार्श्वभूमी

जुलै २००९ मध्ये ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने, म्हणजे तिथल्या तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाने, चक्क एका ऑर्गनच्या तुकड्यावर निकाल दिला. प्रोकोल हारम या बँडचं ‘अ व्हाइटर शेड ऑफ पेल’ १९६७ साली गाजलं, तेव्हा त्यावर श्रेय होतं ते संगीतकार आणि गीतकार या दोघांचंच. पण हे गाणं आठवायला गेलं की शब्दांच्या आधी ऑर्गनच सुरू होतो, आणि तो तुकडा बसवला होता बँडचा ऑर्गनवादक मॅथ्यू फिशरने. गाणं येऊन अडतीस वर्षं झाल्यावर तो कोर्टात गेला. शेवटी संगीताच्या हक्कात त्याचा ४० टक्के वाटा मान्य झाला. मागची थकबाकी मात्र मिळाली नाही. पैसे २००५ पासून पुढचेच.

निकालाला इतका वेळ लागला, याचं मूळ छापील नोटेशनच्या, म्हणजे स्वरलिपीच्या, काळात आहे. तेव्हा गाणं विकलं जायचं कागदावर: चाल, शब्द आणि पियानोची जुजबी साथ. हक्कही त्याचाच. ड्रमरने काय वाजवलं, बेसवाल्याने (खालच्या स्वरांची गिटार वाजवणाऱ्याने) कुठला स्वर घेतला, हे कागदावर नसायचं, म्हणून हिशेबातही नसायचं. पुढे रेकॉर्डिंग आलं, लोक कागदाऐवजी आवाज विकत घेऊ लागले, पण हिशेब जुनाच राहिला.

सुरुवातीला तर रेकॉर्डिंगमध्येही हे भाग सुटे नव्हते. सगळ्यांनी एकदम वाजवायचं, एक चुकला की सगळ्यांनी पुन्हा. ११ फेब्रुवारी १९६३ रोजी बीटल्सनी लंडनमध्ये पहिल्या अल्बमची दहा गाणी एका दिवसात उरकली, ती दोन ट्रॅकच्या, म्हणजे टेपवर आवाजाच्या दोनच सुट्या पट्ट्या असलेल्या मशीनवर. अमेरिकेत गिटारवादक लेस पॉल मात्र केव्हाच पुढे गेला होता. आपल्याच गिटारवर गिटार आणि गायिका पत्नी मेरी फोर्डच्या आवाजावर तिचाच आवाज चढवून त्याने १९५१ मध्ये हिट गाणं दिलं, आणि १९५७ मध्ये अँपेक्स कंपनीकडून आठ ट्रॅकचं मशीन बनवून घेतलं. वाद्याला स्वतःचा ट्रॅक मिळाला की ते एकटं ऐकता येतं, पुसता येतं, पुन्हा वाजवता येतं. माझ्या मते पॉपचा खरा सांधा इथे बदलला. साथ म्हणून मागे उभी असलेली वाद्यं एकेक करून पुढे येऊ शकली.

सगळ्यात आधी पुढे आला बेस, आणि त्याचं बरंचसं श्रेय डेट्रॉइटच्या मोटाउन या रेकॉर्ड कंपनीतल्या बेसवादक जेम्स जेमर्सनला. तोवर बेसने कॉर्डचा (एकत्र वाजणाऱ्या स्वरांच्या गुच्छाचा) मूळ स्वर धरून ठेवायचा, एवढीच अपेक्षा असायची. जेमर्सन उजव्या हाताच्या एकाच बोटाने वाजवायचा, पण दोन कॉर्डमधल्या रिकाम्या जागेत अर्ध्या स्वरांच्या पायऱ्या घ्यायचा, ठेक्याच्या किंचित आधी किंवा मागे पडायचा, आणि गायक थांबला की तेवढ्यात स्वतः काहीतरी म्हणून घ्यायचा. मोटाउनचं एखादं गाणं शेजारच्या खोलीतून ऐका. शब्द पुसट होतील, बेस ऐकू येत राहील. पण रेकॉर्डवर वादकांची नावं नसायची. १९७१ मध्ये मार्विन गेच्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ अल्बमवर ती छापली गेली, तोवर जेमर्सन शेकडो गाणी वाजवून मोकळा झाला होता.

आवाजाच्या बाबतीत वेडेपणाची हद्द १९७५ मध्ये इंग्लंडमधल्या टेनसीसी या बँडने गाठली. ‘आय’म नॉट इन लव्ह’साठी त्यांना अखंड, श्वास न घेणारा कोरस हवा होता. तिघांनी मिळून एकच स्वर सोळा वेळा गायला, म्हणजे अठ्ठेचाळीस आवाज. असे तेरा स्वर. एकूण ६२४ आवाज. प्रत्येक स्वराच्या टेपचा गोल फास करून तो फिरवत ठेवला, आणि मग मिक्सिंग डेस्कवर, म्हणजे सगळे आवाज एकत्र जुळवायच्या टेबलावर, एकेक फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरकती खुंटी) म्हणजे एकेक स्वर असा मांडला. कॉर्ड बदलायचा तर बँडमधल्या चौघांनी डेस्कवर ओणवं होऊन काही फेडर वर सरकवायचे, काही खाली आणायचे. डेस्क हेच वाद्य झालं. गाण्याच्या मध्ये ऐकू येणारी बाईची कुजबुज कोणा गायिकेची नाही, स्टुडिओच्या ऑफिसात काम करणाऱ्या बाईंची आहे.

ठेक्याच्या बाबतीत असंच काहीसं झालं, पण अडचणीतून. १९७७ मध्ये बी जीज हा बँड फ्रान्समध्ये ‘स्टेइंग अलाइव्ह’ रेकॉर्ड करत होता आणि त्यांचा ड्रमर घरच्या अडचणीमुळे निघून गेलेला. मग आधी झालेल्या ‘नाइट फीव्हर’च्या टेपमधून दोन मात्राखंड कापले, टोकं जोडली आणि तोच तुकडा गाणंभर फिरवला. माणूस इतका एकसारखा वाजवूच शकत नाही, आणि तो न दमणारा ठेकाच लोकांना आवडला. ड्रमर म्हणून त्यांनी थट्टेने एक काल्पनिक नाव छापलं. पुढच्या ड्रम मशीनच्या जमान्याची ही चाहूल होती.

भाग सुटे झाल्याचा आणखी एक परिणाम फारसा बोलला जात नाही: काढून टाकण्याची सोय. १९८४ मध्ये अमेरिकन गायक प्रिन्सने ‘व्हेन डव्ह्ज क्राय’मधला बेस पूर्ण उडवला. डान्सच्या गाण्यात बेस नाही म्हणजे जमिनीशिवाय घर, पण ते पाच आठवडे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर राहिलं.

पैशाचा हिशेब मात्र कासवाच्या चालीने सरकत होता. पिंक फ्लॉइड या बँडच्या १९७३ च्या अल्बममध्ये शब्दांशिवाय केवळ आक्रोशासारखा गळा लावणाऱ्या क्लेअर टॉरीला त्या कामाचे ३० पाउंड मिळाले होते. तिने २००४ मध्ये दावा लावला, पुढच्या वर्षी तडजोड झाली आणि रचनाकार म्हणून तिचं नाव लागलं.

फिशर आणि टॉरी, दोघांच्याही भागात स्वर होते. स्वर लिहून दाखवता येतात आणि कोर्टाला तेच कळतं. ठेक्याचं तसं नाही. अमेरिकन गायक जेम्स ब्राउनचा ड्रमर क्लाइड स्टबलफील्डने १९६९ मध्ये ‘फंकी ड्रमर’साठी वाजवलेला वीसेक सेकंदांचा एकट्या ड्रमचा तुकडा पुढे हिप-हॉप आणि पॉपच्या शेकडो गाण्यांखाली घातला गेला. गाण्यावर रचनाकार म्हणून नाव जेम्स ब्राउनचं होतं. स्टबलफील्डला त्या दिवसाच्या वादनाचे पैसे मिळाले होते.