वारा तोंडावर: हरणांची शिकार आणि माणसाच्या वासाचा इतिहास

इंदूरजवळ रालामंडलच्या टेकडीवर होळकरांची शिकारगाह अजून उभी आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीची ही इमारत. भोवतालच्या जंगलाला 1989 मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. क्षेत्र जेमतेम 234 हेक्टर. सुटीच्या दिवशी इंदूरची कुटुंबे मुलाबाळांना घेऊन टेकडी चढतात, वरून शहर पाहतात, उतरताना चितळांचा कळप दिसला तर हरखून जातात. शिकारगाहीची गोष्ट निघाली की राजे, पाहुणे आणि बंदुका यांच्याबद्दलच बोलले जाते. वाऱ्याबद्दल कोणी बोलत नाही. हरणाच्या शिकारीत मात्र शेकडो वर्षे माणसाला सर्वात जास्त छळले ते वाऱ्याने. आपला वास त्या जनावराच्या नाकापर्यंत पोचू न देता त्याच्या जवळ कसे जायचे, हा तो प्रश्न. त्याची उत्तरे कोणी शोधली, कोणाच्या नावावर गेली आणि आज ती कुठे आहेत, हे सांगण्यासाठी ही पार्श्वभूमी.

आधी वासाचे बघू. ताज्या घामाला फारसा वास नसतो. त्वचेवरचे जिवाणू घामातली द्रव्ये फोडतात तेव्हा वास तयार होतो. शिवाय त्वचेचे बारीक कण अंगावरून अखंड झडत असतात आणि हवेबरोबर वाहत जातात. म्हणून कितीही चोळून आंघोळ केली तरी माणूस काही वेळातच पुन्हा 'वासाचा' होतो. त्यात तंबाखू, विडी, केसांचे तेल, धुतलेल्या कपड्यांचा साबण यांची भर. सांबर आणि चितळ यांचे नाक सतत ओलसर असते, त्यावर गंधकण चिकटतात, आणि लांबट नाकपोकळीत ते ओळखणाऱ्या पेशी आपल्यापेक्षा कितीतरी अधिक असतात. सांबराला वास लागला की ते पाय आपटते, शेपटी उभारते आणि सारे रान दणाणेल असा इशारा देते. मग त्या नाल्यात दुसरे काही सापडण्याची आशा सोडावी.

सगळ्या हरणांना हे सारखेच लागू नाही. काळवीट मोकळ्या माळावरचे जनावर, त्याचा मुख्य भरवसा डोळ्यांवर. सांबर दाट रानातले, झाडीत नजर पोचत नाही म्हणून ते नाक आणि कान यांवर जगते. चितळ दोन्हींच्या मधले. त्यातही ते वानरांच्या सोबतीने चरते. झाडावरच्या वानराला लांबचे दिसते, खालच्या चितळाला वास लागतो, आणि दोघेही एकमेकांचा इशारा ओळखतात. मालव्याच्या पठारावर एकेकाळी काळवीट मुबलक होते आणि दक्षिणेला, चोरलच्या बाजूला विंध्याचे कडे नर्मदेच्या खोऱ्यात उतरतात तिथे सांबराचे रान होते. त्यामुळे इंदूरच्या आसपास शिकारीच्या दोन वेगळ्या रीती नांदल्या, एक माळाची आणि एक घाटाची.

घाटातला वारा माळापेक्षा फार अवघड. सकाळी ऊन चढले की उताराची जमीन तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर सरकते. सूर्य कलला की जमीन निवते, जड झालेली गार हवा उतारावरून खाली, नाल्यात ओघळते. त्यामुळे सकाळी उशिरा टेकडीच्या माथ्यावर बसलेल्या माणसाचा वास वरच्या वर निघून जातो आणि खालच्या जनावराला कळत नाही. तोच माणूस तिन्हीसांजेला तिथेच बसून राहिला तर त्याचा वास थेट पाणवठ्यावर जाऊन पडतो. दोन वेळांच्या मधला तास सर्वात फसवा. तेव्हा वारा ठरत नाही, इकडून तिकडे भोवरे मारतो. अनुभवी माणूस त्या वेळात जागचा हलत नाही. रालामंडलच्या माथ्यावर उभे राहिल्यावर हे सारे मनात आणून पाहावे. शिकारगाहीची जागा सकाळी किती सोयीची आणि संध्याकाळी किती अडचणीची असेल ते लगेच ध्यानात येते.

ही समज कधीपासूनची? भीमबेटकाच्या शैलाश्रयांत धनुष्यबाण घेतलेले शिकारी आणि पळणारी हरणे रंगवलेली आहेत. उज्जैनच्या डॉ. वि. श्री. वाकणकरांनी 1957 मध्ये ती जगापुढे आणली, 2003 मध्ये त्यांना जागतिक वारशाचे स्थान मिळाले. तिथे प्राण्यांचे मुखवटे घातलेल्या माणसांच्याही आकृती आहेत. वारा चित्रात काढता येत नाही, पण बाण लागण्याइतक्या जवळ जाणाऱ्या त्या माणसांना तो ओळखता येत नसेल असे मानणे मला अशक्य वाटते. लिखित पुरावा पुढचा. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात 'मानसोल्लास' हा संस्कृत ग्रंथ रचला. त्यात राजाच्या करमणुकींमध्ये मृगयेला मोठी जागा आहे, आणि माणसाळवलेले हरिण पुढे करून रानातल्या हरणाला जवळ आणण्याची रीतही आहे. आपल्या जातीचा प्राणी समोर दिसला की रानातल्या हरणाचा संशय मंदावतो, हे त्यामागचे गमक.

वाऱ्याचा स्पष्ट उल्लेख पाहायचा तर अकबराच्या दरबारात जावे लागते. अबुल फझलने 'आईन-इ-अकबरी'त चित्त्याकडून हरिण धरवण्याच्या तीन रीती नोंदवल्या आहेत. त्यातल्या मुहारी नावाच्या रीतीत चित्त्याला आडोशाला असे बसवत की वारा त्याच्याकडे यावा. मग त्याची गाडी उलट्या दिशेला हाकत नेत. हरणे त्या जाणाऱ्या गाडीकडे पाहत गोंधळून उभी राहत, आणि चित्ता भलत्याच बाजूने जवळ पोचलेला असे. एवढ्याशा वर्णनात किती शहाणपण आहे पाहा. डोळ्यांना गाडी दाखवून गुंतवायचे आणि नाकाला काहीच कळू द्यायचे नाही. काळवीट नजरेवर जगते हे ठाऊक असलेल्या माणसानेच ही रीत बसवली असणार. बैलगाडीचाही इथे मोठा वाटा. माळावरच्या काळविटाला गाडी, बैल, गाडीवान रोजचेच. बैलाच्या आणि चाऱ्याच्या वासात माणसाचा वास बुडून जाई. हत्तीचेही तसेच. 1617 मध्ये जहांगीर मांडूला मुक्कामी होता, तेव्हा नूरजहानने हत्तीवरून सहा गोळ्यांत चार वाघ मारल्याचे त्याने कौतुकाने लिहून ठेवले आहे. हत्तीच्या वासाला रानातले जनावर सहसा बिचकत नाही, म्हणून हौद्यातल्या माणसाला वाऱ्याची तेवढी फिकीर करावी लागत नसे.

चित्त्याची ही परंपरा मराठी संस्थानांनी पुढे चालवली. बडोद्याच्या गायकवाडांकडे ती होती, कोल्हापुरात तर ती विसाव्या शतकातही टिकली. देशी चित्ते मिळेनासे झाले तेव्हा कोल्हापूर आणि भावनगर यांनी आफ्रिकेतून चित्ते मागवले.

दरबारी बखरींत आणि साहेबांच्या आठवणींत श्रेय नेहमी हौद्यातल्या किंवा मचाणावरच्या माणसाला मिळाले. वारा ओळखणारा माणूस बहुधा दुसराच असे. चित्ते पकडून माणसाळवणारे, तातीचे, म्हणजे जनावराच्या स्नायूंपासून वळलेल्या दोरीचे, फासे मांडणारे, बैलाच्या किंवा गाईच्या आडून हरणाच्या कळपापर्यंत जाणारे पारधी हे या विद्येचे खरे धनी. फासेपारधी, चित्तेवाले पारधी, गाय पारधी ही नावेच त्यांची रीत सांगतात. शिकवलेली गाय चरत चरत पुढे जाते, पारधी तिच्या पलीकडे वाकून चालतो. हरणाला गाय दिसते, गाईचाच वास येतो. फासे मांडून झाले की पारधी वाऱ्याच्या खालच्या अंगाला जाऊन बसणार, आणि साथीदार दुसऱ्या बाजूने कळपाला घाई न करता, चालत्या पावलाने त्या दिशेला सरकवणार. जोरात हाकलले तर हरणे उधळतात, हेही त्यांना पक्के ठाऊक.

वारा पाहण्याची साधनेही साधीच. चिमूटभर धूळ बोटांतून सोडायची, राखेची पुरचुंडी जवळ ठेवायची, बोट ओले करून वर धरायचे. मला यातले सर्वात आवडते ते रुईचे. रुईचे बोंड फुटले की त्यातून रेशमी तंतूंच्या 'म्हाताऱ्या' उडतात, ज्यांच्यामागे आपण सगळे लहानपणी धावलो. धूळ दोन हातांवर खाली बसते. म्हातारी लांबवर तरंगत जाते आणि पुढच्या नाल्यापाशी वारा कसा वळतो तेही दाखवते. अमेरिकेतले धनुर्धारी शिकारी अगदी याच कामासाठी रुईच्या कुळातल्याच तिकडच्या एका रानरोपाचे तंतू खिशात बाळगतात. दोन खंडांतल्या, एकमेकांना कधी न भेटलेल्या माणसांनी एकाच कुळातली वनस्पती निवडली, याचे मला फार अप्रूप वाटते.

होळकर, शिंदे आणि इतर संस्थानिकांच्या काळात हाकाऱ्याची शिकार वाढली. तिचाही पाया वाराच. हाकारे घालणाऱ्यांच्या पाठीवर वारा घेतला तर त्यांचा आवाज आणि वास दोन्ही जनावराला पुढे रेटतात, आणि बंदूकवाल्यांचा वास जनावरापासून दूर जातो. मचाणावरच्या माणसाचा वास डोक्यावरून निघून जाण्याची शक्यता असते, पण उताराला उलटी गणिते होतात ती वर सांगितलीच. मचाणाकडे जनावराच्या वाटेवरून चालत न जाता मागच्या अंगाने जायचे, तिथे विडी पेटवायची नाही, हे नियम रानातल्या शिकाऱ्याने पाहुण्याला समजावून सांगायचे असत. पाहुणा ऐकतोच असे नाही.

नरभक्षक वाघांच्या मागावर जाणाऱ्या जिम कॉर्बेटने याची दुसरी बाजू लिहिली आहे. माणसाला नाक नाही हे वाघाला ठाऊक नसते, म्हणून तो माणसावरही वारा तोंडावर घेऊनच चालून येतो. वारा तोंडावर घेऊन चालणाऱ्याने मागच्या बाजूला जपावे, हा त्यातून निघणारा धडा.

मग बंदूक सुधारली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मागून भरायच्या रायफली आल्या, पाठोपाठ बिनधुराची दारू आली आणि पल्ला कितीतरी पटींनी वाढला. लांबून गोळी घालणाऱ्याला वाऱ्याची गरज थोडीच उरते. त्याहून मोठा घाव मोटारीने घातला. रात्री प्रखर दिव्याच्या झोतात हरिण खिळून उभे राहते. जीपमधून त्याच्या अंगावर जाणाऱ्याला ना वारा पाहावा लागतो, ना पाऊल जपावे लागते. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप गावोगाव पोचल्या आणि माळावरचे काळविटांचे कळप भराभर विरळ झाले. शेती वाढली, कुरणे गेली, हीही कारणे होती. तरी माझे मत असे की वारा ओळखावा लागत होता तोवर शिकारीला एक नैसर्गिक लगाम होता. दहा वेळा गेलेला माणूस नऊ वेळा रिकाम्या हाताने परतत होता. तो लगाम यंत्राने तोडला. भारतातला चित्ता तर 1952 मध्ये नामशेष जाहीर झाला.

अमेरिकेत याच काळात उलटा प्रवास झाला. तिथे हरणांची संख्या पुन्हा वाढली, परवान्याने आणि ठरलेल्या हंगामातच शिकार चालते. विस्कॉन्सिन राज्याने 1934 मध्ये धनुष्यबाणाचा वेगळा हंगाम सुरू केला. 1969 मध्ये चाकांच्या धनुष्याला (कंपाउंड बो) पेटंट मिळाले आणि लाखो लोक धनुष्याकडे वळले. बाणाने हरिण टिपायचे तर फार जवळ जावे लागते, म्हणून वास आणि वारा हा तिथे पुन्हा मुख्य विषय झाला. त्यातून बाजार उभा राहिला: बिनवासाचे साबण, वास शोषणाऱ्या सक्रिय कोळशाचा थर असलेले कपडे, ओझोन सोडणारी यंत्रे. काही दाव्यांवरून कोर्टकज्जेही झाले. तिथलेही जुनेजाणते शिकारी शेवटी हेच सांगतात की साबणाने वास कमी होतो, संपत नाही. वारा चुकला तर काहीही कामी येत नाही.

आपल्याकडे 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकारीवर बंदी आली, 1991 च्या दुरुस्तीने परवान्याच्या उरल्यासुरल्या वाटाही बंद झाल्या. हे योग्यच झाले, याबद्दल माझ्या मनात किंतु नाही. मात्र ज्यांच्याकडे ही विद्या होती त्यांचे काय झाले, हा प्रश्न कायद्याने विचारला नाही. इंग्रजांच्या 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याखाली पारध्यांवर जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का बसला होता. 1952 मध्ये तो कायदा गेला, संशय गेला नाही. शिकार बंद झाल्यावर पोट भरण्याचा दुसरा मार्ग फार थोड्यांना मिळाला, आणि काही जण चोरट्या शिकारीच्या साखळीत ओढले गेले. मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पातले वाघ 2009 पर्यंत संपले, त्यामागे ही चोरटी शिकारही होती.

वारा ओळखण्याची गरज आजही रोज पडते. पायी गस्त घालणारा वनरक्षक, ठरलेल्या रेषेवरून चालत चितळ-सांबर मोजणारा कर्मचारी, कॅमेरा घेऊन ओढ्याकाठी बसलेला छायाचित्रकार, या सगळ्यांना वारा तोंडावर घ्यावा लागतो. मोजणीच्या वाटेवर वारा पाठीवर असेल तर जनावरे आधीच सरकतात आणि आकडा कमी भरतो. रालामंडलला अत्तर फवारून, मोठ्याने बोलत चढणाऱ्यांना चितळ क्वचित दिसतात, यातही नवल नाही. मालव्यात तर आता चित्ताही परतला आहे: 20 एप्रिल 2025 रोजी गांधीसागर अभयारण्यात, म्हणजे जुन्या होळकरी मुलखात, दोन चित्ते सोडले गेले. त्यांच्या मागावर राहणाऱ्या पथकांना हरणांच्या कळपांमधूनच वावरायचे आहे.

पन्नामध्ये वाघ पुन्हा वसवल्यानंतर एक चांगले काम सुरू झाले. तिथले पारधी तरुण पर्यटकांना रानातून पायी फिरवतात, माग दाखवतात, पक्ष्यांचे आवाज काढून दाखवतात. त्यांच्या आजोबांनी जे ज्ञान फासा लावण्यासाठी वापरले, त्याच ज्ञानाचा आता रीतसर मोबदला मिळतो. इंदूर वनमंडळाने रालामंडलला आणि चोरलच्या रानात असे काही करावे, असे मला मनापासून वाटते. शिकारगाहीत बंदुकांच्या गोष्टी सांगतो तिथेच एखाद्या पारधी जाणकाराला बोलावून, मुलांच्या हातात रुईचे एक फुटलेले बोंड देता येईल.