‘ग्रे गार्डन्स’ पाहिला म्हणता, पण कोणता?

मध्यंतरी माझ्या मावसबहिणीचा फोन आला. ‘अगं, तू सांगितलेला ग्रे गार्डन्स पाहिला एकदाचा. ड्रू बॅरीमोरने काय काम केलंय!’ मी क्षणभर गप्प झाले. मी तिला सांगितला होता तो १९७५ सालचा माहितीपट, आणि त्यात एकही नट नाही. तिने पाहिला होता २००९ सालचा एचबीओचा चित्रपट. नाव तेच, घर तेच, मायलेकी त्याच, बरेचसे संवादही तेच. गल्लत होणारच. पण ही दोन कामं एकमेकांच्या जागी चालणारी नाहीत, म्हणून जरा सविस्तर लिहिते आहे.

आधी माणसं नीट लावून घेऊ, कारण गोंधळ तिथूनच सुरू होतो. आई आणि मुलगी दोघींचं नाव एडिथ. आई एडिथ युइंग बूव्हिए बील, मुलगी एडिथ बूव्हिए बील. सगळे त्यांना थोरली एडी आणि धाकटी एडी म्हणत. थोरली एडी म्हणजे जॅकलिन केनेडीच्या वडिलांची सख्खी बहीण. इंग्रजीत हे नातं सांगायला वाक्य लागतं, आपल्याकडे एक शब्द पुरतो: आत्या. म्हणजे धाकटी एडी ही अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांच्या पत्नीची आतेबहीण. ‘ग्रे गार्डन्स’ हे त्यांच्या घराचं नाव. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर ईस्ट हॅम्प्टन नावाचं श्रीमंतांचं गाव आहे, तिथे समुद्राजवळचा हा मोठा बंगला. वाळूच्या टेकड्या करड्या, बागेच्या सिमेंटच्या भिंती करड्या, समुद्रावरून येणारं धुकंही करडं, म्हणून हे नाव.

थोरल्या एडीचा नवरा फेलन बील बडा वकील. हिला गाण्याचं वेड, आणि ते घरात, पाहुण्यांसमोर हौसेपुरतं ठेवण्यातलं नव्हतं. १९३१च्या सुमारास नवरा वेगळा झाला. १९४६मध्ये त्याने मेक्सिकोतून तारेने घटस्फोट कळवला. बंगला तिच्याकडे राहिला, पण तो चालवायला लागणारा पैसा राहिला नाही. धाकटी १९१७चा जन्म, देखणी. १९३६मध्ये न्यूयॉर्कच्या उच्चभ्रू समाजात तिचं रीतसर पदार्पण झालं. पुढे काही वर्षं ती न्यूयॉर्कला फक्त बायकांसाठी असलेल्या बार्बिझॉन हॉटेलात राहिली. नाचायचं होतं, नटी व्हायचं होतं. १९५२मध्ये ती आईकडे परत आली आणि पुढची जवळपास पंचवीस वर्षं तिथेच राहिली. १९७१मध्ये आरोग्य खात्याची माणसं घरात शिरली तेव्हा आत कचऱ्याचे ढीग, मांजरं, माळ्यावर रकून नावाचे रानटी प्राणी आणि बंद पडलेले नळ होते. घर सोडावं लागेल अशी वेळ आली, वर्तमानपत्रांत बोभाटा झाला. १९७२मध्ये जॅकलिन आणि तिची बहीण ली रॅडझिविल यांनी पुढाकार घेऊन घराची दुरुस्ती करून दिली.

आता माहितीपट. अल्बर्ट आणि डेव्हिड मेझल्स हे भाऊ मुळात लीच्या बालपणावरच्या फिल्मसाठी तिथे गेले होते. ती फिल्म बारगळली, पण या मायलेकी त्या भावांच्या मनातून जाईनात. १९७३मध्ये ते पुन्हा आले आणि आठवडेच्या आठवडे चित्रीकरण केलं. अल्बर्टकडे कॅमेरा, डेव्हिडकडे ध्वनिमुद्रण, बस्स. पायांच्या घोट्यांना त्यांनी पिसवांपासून बचावासाठी कुत्र्यांचे पट्टे बांधले होते. निवेदन नाही, जाणकारांच्या मुलाखती नाहीत, ‘पुढे असं झालं’ सांगणारा आवाज नाही. सुरुवातीला वर्तमानपत्रांची कात्रणं येतात, तेवढीच काय ती पार्श्वभूमी. बाकी सगळं या दोघींच्या बोलण्यातून. आणि बोलणं कसं, तर एकीच्या वाक्यात दुसरीचं वाक्य घुसलेलं. धाकटी बाहेर कॅमेऱ्याशी बोलते आहे आणि आतून आईची हाक चालूच आहे.

एक प्रसंग मला कधीही आठवतो. थोरली एडी पलंगावर बसली आहे. पलंग म्हणजेच तिचं सगळं घर: जेवण तिथे, फोन तिथे, मांजरं तिथे, मक्याची कणसं उकडायची शेगडीही पलंगाशेजारीच. भिंतीला टेकवून तिचंच तरुणपणचं मोठं तैलचित्र ठेवलंय आणि एक मांजर त्याच्यामागे जाऊन घाण करतंय. मुलगी वैतागते. आई शांतपणे म्हणते, या घरात कोणालातरी मनासारखं करायला मिळतंय, बरंच आहे. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसले, आणि हसता हसता घशात काहीतरी अडकलं. या बाईची सगळी हयात त्या एका वाक्यात होती आणि तिला त्याचं काहीच विशेष वाटत नव्हतं.

एक प्रश्न माहितीपटभर खदखदत राहतो: धाकटी परत का आली? ती म्हणते, आईला सांभाळायला आले, तुझ्यामुळे माझं आयुष्य गेलं. आई म्हणते, कोणी बोलावलं होतं? एका लग्नाच्या उमेदवाराला आईने घालवून दिल्याची गोष्ट निघते, तर त्यावरही दोघींचे जबाब वेगळे. माहितीपट निवाडा करत नाही. खरं सांगायचं तर त्यालाही माहीत नाही. आपल्यापैकी ज्यांनी घरातल्या दोन म्हाताऱ्या माणसांना चाळीस वर्षांपूर्वीच्या एकाच दिवसावरून भांडताना ऐकलंय, त्यांना हे लगेच ओळखीचं वाटेल.

२००९चा चित्रपट नेमका इथे वेगळा होतो. दिग्दर्शक मायकेल सक्सी. धाकटीच्या भूमिकेत ड्रू बॅरीमोर, थोरलीच्या भूमिकेत जेसिका लँग, नवऱ्याच्या भूमिकेत केन हॉवर्ड, जॅकलिनच्या भूमिकेत जीन ट्रिपलहॉर्न. दोन काळ आलटून पालटून येतात: १९३६पासूनचे वैभवाचे दिवस, आणि मेझल्स बंधू चित्रीकरण करत असतानाचे सत्तरच्या दशकातले दिवस. माहितीपटात जे फक्त बोलण्यात येतं, ते इथे डोळ्यांसमोर घडतं. थोरलीच्या गाण्याला पियानोची साथ करणारा, त्या घरातच राहिलेला गूल्ड माहितीपटात आठवणीत आहे. चित्रपटात तो खोलीत बसून वाजवतो. धाकटीचं न्यूयॉर्क, तिथलं ज्युलियस क्रुग या विवाहित माणसावरचं तिचं प्रेम (हा खरोखर राष्ट्राध्यक्ष ट्रुमन यांच्या सरकारात मंत्री होता), ते तुटणं, केस गळणं, घरी परतणं, असं एकापुढे एक लागत जातं. म्हणजे ‘का?’ या प्रश्नाला चित्रपटाकडे उत्तर आहे. नवऱ्याने पैसा आवळला, प्रियकराने सोडलं, आईला एकटेपणाची भीती वाटली, मुलीची हिंमत सुटली.

हे उत्तर खोटं नाही, पण मला ते फार सरळ वाटतं. माणूस पंचवीस वर्षं एका घरात थांबतो तो चार कारणांची बेरीज करून थांबत नाही. चित्रपट पाहताना आपण त्या दोघींची कीव करतो. माहितीपट पाहताना कीव करायला फुरसतच मिळत नाही, कारण त्या दोघी आपल्याला गुंतवून ठेवतात, गातात, भांडतात, कॅमेऱ्याकडे बघून डेव्हिडची थट्टा करतात. तिथे त्या स्वतःच्या घराच्या मालकिणी आहेत. माझ्या लेखी हाच मोठा फरक.

तुलनेसाठी एक जागा सांगते, दोन्ही पाहिल्यावर शेजारी शेजारी लावून बघा. धाकटी अंगणात उभी राहून आपला पोशाख समजावते. केस गळाल्यामुळे डोकं कायम झाकलेलं, त्यावर ब्रोच. घागरा नेहमीसारखा नेसायचा नाही, हवा तेव्हा काढून खांद्यावर केपसारखा टाकता आला पाहिजे. आत चड्डी, त्यावर ओढून घेतलेले स्टॉकिंग्ज. माहितीपटात ती हे सांगताना कॅमेऱ्यामागच्या माणसाला पटवते आहे. आईला तिने किमोनो घालून बाहेर यायला हवं होतं आणि त्यावरून आत्ताच भांडण झालंय, हे तीच आपल्याला सांगते. बॅरीमोर तोच प्रसंग जवळजवळ शब्दशः करते. आवाजाचा हेल, जबड्याची ठेवण, मान वळवण्याची लकब, सगळं साधलंय. त्यामागची मेहनत दिसते. पण चित्रपटात आपण बाजूला उभे राहून मेझल्स बंधू तिला टिपताना बघतो. मूळ प्रसंगात त्यांच्या जागी आपणच असतो आणि ती आपल्याशी बोलत असते. तेच शब्द, तरी एकात आपण साक्षीदार आणि दुसऱ्यात पाहुणे.

जॅकलिनच्या भेटीचा प्रसंगही चित्रपटात आहे. तिथे धाकटी तिला सुनावते, की जो केनेडी जगला असता तर तुझ्या जागी मी असते. जो म्हणजे जॉन केनेडीचा थोरला भाऊ, १९४४मध्ये युद्धात गेला. त्याच्याशी आपलं लग्न ठरत आलं होतं हा तिचा दावा. त्यात खरं किती, हा वेगळा भाग. माहितीपटात जॅकलिन स्वतः कुठेच येत नाही. मला तर हे फार आवडतं. जिच्या नावामुळे सगळं जग त्या घराकडे वळलं, तिच्याशिवाय त्या दोघींचं काहीएक अडत नाही.

जेसिका लँगबद्दल मात्र मनापासून लिहायला हवं. तरुण, गाण्यात रमलेली बाई आणि ऐंशीच्या घरातली म्हातारी ही एकच व्यक्ती आहे हे ती दाखवते, आणि त्यासाठी मेकअपवर विसंबत नाही. गाणं गाताना तोच तोरा, फक्त आवाज झिजलेला. तिला एमी मिळालं, केन हॉवर्डलाही मिळालं, चित्रपटालाही मिळालं. बॅरीमोरला गोल्डन ग्लोब मिळालं. नवरा घर सोडून जातो तो भाग माहितीपटात असूच शकत नव्हता. तो हवा असेल तर चित्रपटच पाहायला हवा.

माहितीपटावर तेव्हापासून एक आक्षेप घेतला जातो: या दोघींच्या दुरवस्थेचं प्रदर्शन मांडलं. आक्षेप हलका नाही. म्हाताऱ्या बाईचं उघडं शरीर, घरातली घाण, सगळं पडद्यावर आहे. मी यावर बराच विचार केला आहे. धाकटीने तो माहितीपट आयुष्यभर मिरवला, त्याला क्लासिक म्हटलं. तिला वर्षानुवर्षं प्रेक्षक हवे होते आणि ते मिळाले. म्हणून मी तिच्या बाजूने आहे. संकलन एलन होव्हड, मफी मायर आणि सुझन फ्रॉम्के या तिघींनी केलं, होव्हड आणि मायर यांची नावं दिग्दर्शनातही आहेत, आणि मायलेकींच्या त्या बोलण्याची लय पकडण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. ‘मेझल्स बंधूंचा’ म्हणताना ही नावं गळतात, म्हणून मुद्दाम लिहिली.

याच नावाचं एक संगीतनाटकही २००६मध्ये ब्रॉडवेवर आलं. पहिला अंक १९४१चा, दुसरा १९७३चा. क्रिस्टीन एबरसोलने पहिल्या अंकात आई आणि दुसऱ्यात मुलगी केली. मी ते पाहिलेलं नाही, म्हणून इथेच थांबते.

कोणतं आधी पाहावं? माझ्या बहिणीने नेमकं उलट केलं, पण शक्य असेल तर १९७५चा माहितीपट आधी, साधारण दीड तासाचा आहे. आधी चित्रपट पाहिला की माहितीपटातलं प्रत्येक वाक्य ऐकताना ‘हां, हे त्या प्रसंगाबद्दल’ असं होत राहतं आणि त्या दोघींनी आपल्याला चकवायची जी मजा आहे, ती जाते.

शेवटही दोघांचे वेगळे. थोरली एडी फेब्रुवारी १९७७मध्ये गेली. जानेवारी १९७८मध्ये, साठीची धाकटी न्यूयॉर्कच्या रीनो स्वीनी या क्लबात खरोखर गायली, नाचली. समीक्षकांनी झोडपलं. पुढच्या वर्षी तिने बंगला विकला, पाडणार नाही या बोलीवर, आणि तो आजही उभा आहे. चित्रपट तिला त्या क्लबच्या मंचावर नेऊन संपतो, दिवे, टाळ्या, हवं होतं ते. माहितीपटाच्या शेवटी ती घराच्या खालच्या मजल्यावर एकटी नाचते आहे, आणि कॅमेरा वरून, जिन्याच्या कठड्याच्या गजांमधून तिच्याकडे बघतो आहे.