शेंगदाणे वेचून टाकले की झालं?

मुलांच्या संघासाठी सामन्यानंतरचा खाऊ ठरवताना कुणीतरी हमखास म्हणतं, "ज्याला शेंगदाणे चालत नाहीत, त्याने ते वेचून टाकावेत. थोडंसं पोटात गेलं तर काय बिघडतं?" ॲलर्जी असलेल्या मुलाच्या बाबतीत हे साफ चूक आणि धोक्याचं आहे.

ॲलर्जी होते ती शेंगदाण्यातल्या प्रथिनांची. दाणा वेचला तरी त्याचा चुरा बाकीच्या खाऊला चिकटून राहतो, आणि भाजल्याने ही प्रथिनं नष्ट होत नाहीत. काही मुलांना तेवढा अंशही पुरतो: ओठ सुजतात, गांध्या उठतात, श्वास कोंडतो. सगळ्यांचे हात एकाच डब्यात गेले की हा चुरा सगळीकडे पोचतो. सॅनिटायझर इथे कामाचं नाही, हात साबण-पाण्यानेच धुवायला हवेत.

"थोडं थोडं दिलं की सवय होते" हेही तसंच. २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात दिसलं, की धोका असलेल्या तान्ह्या बाळांना लवकर शेंगदाण्याचे पदार्थ दिले तर ॲलर्जीचं प्रमाण घटतं. पण ते ॲलर्जी होण्याआधीचं. झालेल्या ॲलर्जीवर असे उपचार फक्त डॉक्टरांच्या देखरेखीखाली होतात, मैदानावर नाही.

सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेन या प्रथिनामुळे आतड्याला इजा होते तो आजार) असलेल्या मुलालाही गव्हाच्या बिस्किटाचा चुरा बाधतो. दूध न पचणं आणि दुधाची ॲलर्जी याही दोन वेगळ्या गोष्टी.

म्हणून आधी प्रत्येक पालकाला विचारा. धुतलेली अख्खी फळं आणा, किंवा घटकांची यादी छापलेली बंद पाकिटं, आणि ती यादी दर वेळी वाचा, कारण कंपन्या घटक बदलतात.