मासे वर येऊन धापा टाकतात तेव्हा: ऑक्सिजन कमी की सीओटू जास्त?

"सीओटू जास्त सोडला, म्हणून ऑक्सिजन संपला आणि मासे वर आले." प्लँटेड टाकी, म्हणजे जिवंत पाणवनस्पती लावलेलं आणि त्यांच्यासाठी सीओटू (कार्बन डायऑक्साइड) सोडलेलं मत्स्यालय, ठेवणाऱ्या दहाजणांतले आठजण हे अगदी खात्रीने सांगतात. मला हे वाक्य आता सहन होत नाही, कारण त्यापायी मासे मरतात. मासे वर आले हे खरं, सीओटू जास्त झाला हेही बहुतेक वेळा खरं. पण ऑक्सिजन त्यामुळे संपलेला नसतो.

पाणी म्हणजे एसटीतली बाकं आणि एक वायू बसला की दुसऱ्याला उठावं लागतं, असं चित्र लोकांच्या डोक्यात असतं. तसं नाही. लिंबू सरबतात साखर वाढवली म्हणून मीठ बाहेर पडत नाही. प्रत्येक वायू पाण्यात विरघळतो तो स्वतःच्या दाबाप्रमाणे, शेजाऱ्याला न विचारता. विल्यम हेन्रीने १८०३ साली मांडलेला नियम तोच आहे.

ऑक्सिजनबद्दल फार सांगत नाही, ते बहुतेकांना ठाऊक असतं. २५ अंशांच्या गोड्या पाण्यात हवेतून लिटरमागे साधारण सव्वाआठ मिलिग्रॅम विरघळतो, ३० अंशांना साडेसातच्या आसपास. त्यामुळे मे महिन्यात काळजी जास्त. सीओटू नुसत्या हवेतून लिटरला जेमतेम अर्धा मिलिग्रॅम येतो. आपण झाडांसाठी तो २० ते ३० पर्यंत नेतो. म्हणजे चाळीस-पन्नास पट.

आता मुद्द्याचं. माशाच्या रक्तातला सीओटू कल्ल्यांतून बाहेर पडतो, कारण रक्तात तो जास्त असतो आणि पाण्यात कमी. उतार असला की पाणी वाहतं, तसंच. पाण्यातच सीओटू वाढवला की हा उतार कमी होतो, सीओटू रक्तात साचतो आणि रक्त आम्लधर्मी होतं. मग हिमोग्लोबिनची ऑक्सिजनवरची पकड सैल पडते. ख्रिश्चन बोरने हे १९०४ मध्ये दाखवलं. बऱ्याच माशांत तर याच्याही पुढची गोष्ट घडते, जी रूट या शास्त्रज्ञाने १९३१ मध्ये नोंदवली आणि जिला त्याच्या नावाने रूट परिणाम म्हणतात: रक्त आम्लधर्मी झालं की भोवती कितीही ऑक्सिजन असला तरी हिमोग्लोबिन पूर्ण भरतच नाही. भरल्या ताटासमोर बसायचं आणि घास गिळता येऊ नये, अशी त्या माशाची अवस्था.

माझ्या दोन फुटी टाकीत हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. दुपारचे तीन वाजलेले. रोटालाच्या पानापानावर ऑक्सिजनचे मोती, काही सुटून वर चाललेले. पानांवर असे मोती धरतात ते बहुधा पाणी ऑक्सिजनने तुडुंब भरल्यावरच. आणि त्याच वेळी रमीनोज टेट्रांचा अख्खा थवा पृष्ठभागाला तोंड लावून, लाल नाकं फिकी पडलेली. ड्रॉप चेकर, म्हणजे पाण्यातला सीओटू रंगाने दाखवणारी टाकीतली छोटी कुपी, पिवळाजर्द: सीओटू जास्त. सिलिंडरमधून सीओटू किती सुटेल ते ठरवणारी रेग्युलेटरची सुई आदल्या रात्री मीच जराशी उघडली होती.

मग हा गैरसमज मरत का नाही? कारण दोन्ही दुखण्यांवर एअर पंप लागू पडतो. पंप लावला की पृष्ठभाग हलतो, कमी असेल तर ऑक्सिजन आत येतो आणि जास्तीचा सीओटू उडून जातो. मासे खाली जातात, माणूस म्हणतो, "बघा, ऑक्सिजनच कमी होता." मग सीओटूची सुई तशीच राहते आणि दुसऱ्या दिवशी पंप बंद असताना मासे पुन्हा वर. मला तर एका दुकानात सांगितलं होतं की झाडं वाढवा, ऑक्सिजन वाढेल. ज्या टाकीत पानं मोत्यांनी लगडलेली, तिला आणखी झाडं!

ओळखायचं कसं? घड्याळ बघा. पहाटे, दिवे लागण्याआधी मासे वर असतील तर ऑक्सिजनचा संशय घ्या: रात्रभर झाडंही श्वास घेतात, फिल्टर आणि मातीतले जिवाणूही. सीओटू सुरू होऊन तीन-चार तासांनी वर आले तर सीओटू. सिलिंडरऐवजी साखर-यीस्ट आंबवून सीओटू देणारी बाटली लावणाऱ्यांना हा नियम लावता येत नाही, कारण ती रात्री बंदच होत नाही. म्हणून ती मला मुळीच पसंत नाही. बेट्टा किंवा गुरामी वर आला तर त्यावरून काही ठरवू नका, ते हवेतून श्वास घेणारेच मासे.

ड्रॉप चेकरमध्ये टाकीचं पाणी भरू नका. ४ डिग्री केएचचं (केएच म्हणजे पाण्यातल्या कार्बोनेट क्षारांचं माप) तयार द्रावण हवं, तरच हिरवा रंग म्हणजे ३० च्या आसपास. तोही तास-दोन तास मागे चालतो, तेव्हा रंगाआधी माशांकडे बघा. "सेकंदाला किती बुडबुडे सोडता?" हा प्रश्न मात्र सोडून द्या, एका टाकीचा आकडा दुसरीला लागू होत नाही.

आणि कृपा करून सीओटू वाचवण्यासाठी फिल्टरचं तोंड खाली वळवू नका. पाणी निपचित पडतं, वर तेलकट साय धरते, रात्री ऑक्सिजन खरोखरच घसरतो. पृष्ठभाग सतत थरथरता ठेवा, शिंतोडे न उडवता, आणि जेवढा सीओटू उडतो तेवढा जास्त सोडा. सिलिंडर थोडा लवकर संपेल, पण पातळी स्थिर राहील. सोलेनॉइड, म्हणजे सीओटू चालू-बंद करणारी विजेची झडप, टायमरवर: दिव्यांच्या तासभर आधी चालू, दिवे मालवायच्या तासभर आधी बंद. सुई फिरवायची ती सुट्टीच्या दिवशी सकाळी, केसभर, आणि मग दिवसभर टाकीसमोरून हलायचं नाही.