किंग्डा का: 139 मीटरची चढण आणि एक तार

अमेरिकेत न्यू जर्सीतल्या जॅक्सन इथे 'सिक्स फ्लॅग्ज ग्रेट ॲडव्हेंचर' या उद्यानात 2005 साली 'किंग्डा का' हा पोलादी रोलर कोस्टर सुरू झाला. उंची 139 मीटर, वेग ताशी 206 किलोमीटर. दोन्ही तेव्हाचे जागतिक उच्चांक. विशेष म्हणजे हा वेग गाडी जेमतेम साडेतीन सेकंदांत घ्यायची.

जुन्या पद्धतीच्या कोस्टरात साखळी गाडीला सावकाश वर ओढते. इथे चढण जवळपास उभी, म्हणून लागेल ती सगळी ऊर्जा खाली सपाट रुळावरच द्यायची. कुठलाही पंप एवढी ताकद एका झटक्यात देऊ शकत नाही. म्हणून पंप आधी तेल टाक्यांमध्ये भरत आणि तिथला नायट्रोजन दाबून ठेवत. गाडी किंचित मागे येऊन खालच्या, तारेला जोडलेल्या ओढगाड्यात अडकायची, रुळांमधले ब्रेक खाली जायचे आणि झडपा उघडायच्या. फुगू पाहणारा वायू तेलाला हायड्रॉलिक मोटरींतून रेटायचा. मोटरी रहाटासारखा ड्रम फिरवायच्या आणि पोलादी तार ओढगाड्यासकट गाडी खेचायची.

गणित करून बघा. घर्षण आणि हवेचा विरोध शून्य धरला तरी 139 मीटर चढायला ताशी 188 किलोमीटर हवेतच. 206 वेगाची ऊर्जा कागदावर 167 मीटरपर्यंत पुरते. उरलेल्या 28 मीटरच्या शिलकीतून चाकं आणि वारा आपापला वाटा घेतात. समोरून वारा असला किंवा जोर थोडा कमी पडला, की गाडी माथ्याच्या अलीकडेच थबकून उलटी खाली यायची. यात धोका नव्हता. गाडी निघून गेली की चुंबकी ब्रेक पुन्हा वर आलेले असत. चुंबकासमोरून धातूची पट्टी वेगाने गेली की तिच्यात उमटणारे प्रवाह गतीला विरोध करतात. त्याला वीज लागत नाही, घासणंही नाही. फक्त चुंबकी ब्रेक गाडीला पूर्ण थांबवत नाहीत, वेग उतरला की त्यांचा जोरही उतरतो.

खरी दुखरी जागा तार. सुरू होऊन महिनाही झाला नव्हता तोच, जून 2005 मध्ये, तारेच्या पन्हळीतला एक बोल्ट तुटला. तारेला इजा झाली आणि कोस्टर ऑगस्टपर्यंत बंद राहिला. 2009 मध्ये वीज कोसळली, तेव्हाही दुरुस्ती ऑगस्टपर्यंत चालली. पाऊस पडू लागला की फेऱ्या बंद, कारण 206 च्या वेगात थेंब तोंडावर खड्यांसारखे बसतात.

नोव्हेंबर 2024 मध्ये शेवटची फेरी झाली आणि 28 फेब्रुवारी 2025 रोजी सुरुंग लावून मनोरा पाडला. 'झुमांजारो' हा 2014 पासून त्याच सांगाड्याला जोडलेला, उंचावरून सरळ खाली सोडणारा खेळही त्याबरोबर गेला.

ओहायोतल्या सीडर पॉइंट या उद्यानाने मात्र याच तंत्राचा, 128 मीटर उंच 'टॉप थ्रिल ड्रॅगस्टर' पाडला नाही. मनोरा ठेवून हायड्रॉलिक यंत्रणा काढली आणि रुळालगत रेषीय विद्युत मोटरी (गोल फिरण्याऐवजी सरळ रेषेत ढकलणाऱ्या) बसवल्या. एका दमात वर जायचा हट्टही सोडला: गाडी आधी पुढे, मग मागच्या उभ्या रुळावर, पुन्हा पुढे अशी तीनदा ढकलली जाते. 2024 मध्ये तो सुरू झाला आणि थोड्याच दिवसांत गाड्यांमध्ये बदल करण्यासाठी बंदही करावा लागला.