पाणी ओसरलं, पथकं गेली, मग?

ऑगस्ट २०१९ मध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे. अशा वेळी बातम्यांत बोटी दिसतात, जवान दिसतात. शाळेतल्या निवारा केंद्रात भिंतीला टेकून बसलेली आजी मात्र दिसत नाही. तिची गोळ्यांची पिशवी घरात, पाण्याखाली. "आजी, बीपीची गोळी कोणती?" "पांढरी, बारकी." पांढऱ्या, बारक्या गोळ्या कितीतरी असतात. बाहेरून आलेला डॉक्टर कितीही हुशार असला तरी इथे अडतो. दहा वर्षं तिला तपासणारा गावातला डॉक्टर मात्र कागदाशिवाय नाव सांगतो.

म्हणूनच मला वाटतं, पूरप्रवण गावातल्या प्रत्येक दवाखान्यात मे महिन्यातच एक यादी तयार हवी. इन्सुलिनवर कोण आहे, डायलिसिस कोणाचं चालू आहे, कोणाचे दिवस भरत आलेत. डायलिसिसच्या रुग्णाला बहुधा आठवड्यातून दोन-तीनदा जावं लागतं. रस्ता बंद होण्याआधीच त्याला शहरात हलवायला हवं. वीज गेली म्हणून इन्सुलिन लगेच फेकायचं नसतं. साधारण ३० अंशांच्या आत राहिलं तर बहुतेक प्रकारचं इन्सुलिन चारेक आठवडे चालतं. कोरड्या डब्यात घालून ओल्या मातीच्या भांड्यात ठेवलं तरी भागतं. हे आधीच सांगून ठेवलं, तर ऐन पुरात माणूस डोस चुकवत नाही.

खरी कसोटी पुढेच असते. लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या आजाराचे जंतू उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून पाण्यात आणि चिखलात उतरतात. घरातला गाळ उपसताना पायाच्या भेगांतून, खरचटलेल्या जागेतून ते शरीरात शिरतात. ताप येतो तो बहुधा ५ ते १४ दिवसांनी, म्हणजे वैद्यकीय पथकं परत गेल्यावर! सुरुवातीला तो साध्या तापासारखाच दिसतो. पण पोटऱ्या असह्य दुखत असतील, डोळे लाल झाले असतील, तर जाणता डॉक्टर लगेच विचारतो, "गाळ काढायला गेला होतास का?" या एका प्रश्नाने जीव वाचू शकतो, कारण उशीर झाला तर मूत्रपिंडं आणि फुप्फुसं निकामी होऊ शकतात. डॉक्सिसायक्लिन हे औषध उपचाराला आणि काही वेळा बचावासाठीही देतात, मात्र डॉक्टरांनी सांगितलं तरच. गरोदर बायांना आणि लहान मुलांना ते सहसा देत नाहीत.

आणि पाणी. प्राथमिक आरोग्य केंद्राची माणसं टाकीत टीसीएल, म्हणजे क्लोरीनची ब्लीचिंग पावडर टाकून अर्धा तास थांबतात, मग नळाचं पाणी छोट्या नळीत घेऊन ओटीचे, म्हणजे क्लोरीन तपासायच्या द्रावणाचे थेंब सोडतात. पाणी पिवळं झालं की क्लोरीन पोचलं. झालं नाही, तर परत टाकीवर चढायचं, आणि गल्लीच्या शेवटच्या नळाला पिवळा रंग दिसेपर्यंत तपासत राहायचं.