वाळवंट सरकत येत नाही, जमीन जागेवरच मरते

‘वाळवंटाची वाळू दरवर्षी पुढे सरकते आणि सुपीक जमीन गिळते’ हा समज फार जुना. वाळूच्या टेकड्या काही ठिकाणी सरकतात, हे खरंच. पण आग्नेय स्पेन आणि इटलीच्या सिसिली बेटावरही जमीन उजाड होतेय, आणि सहारा तर समुद्रापलीकडे आहे!

स्पेन-सिसिलीच्या या भागांत उन्हाळा कोरडा, पाऊस मुख्यतः हिवाळ्यात. वणवा, अति चराई किंवा उतारावरची नांगरट यांमुळे उन्हाळ्याअखेर माती उघडी पडते. पहिल्या जोरदार सरींचे थेंब ढेकळं फोडतात, सुटलेले बारीक कण छिद्रं बुजवतात आणि वर पातळ पापडी धरते. मग पाणी मुरत नाही, वाहतं, आणि जाताना सगळ्यात कसदार असा वरचा थर घेऊन जातं. पुढच्या वर्षी झाडोरा आणखी विरळ.

पडताळा घरी घेता येतो. झुडपाखालचं आणि उघड्या जागेतलं लिंबाएवढं एकेक ढेकूळ पूर्ण वाळवा, जाळीवर ठेवून पाण्यात बुडवा, 5 मिनिटं थांबा. उघड्या जागेतलं बहुधा फुटून तळाशी गाळ होतो. झुडपाखालचं, मुळं आणि कुजलेल्या पाल्याने बांधलेलं, आकार टिकवतं. दोन्ही ढेकळं एकाच उतारावरची घ्या, नाहीतर दिसणारा फरक मातीच्या जातीचा असेल.